ध्यानाची बैठक आणि कामगार माणूस



बसणे या क्रियापदाशी आम्हा युनियनवाल्यांचा जुना परिचय आहे. धरण्यावर बसणे, उपोषणास बसणे, व्यवस्थापकाने बोलावून घेतल्यावर तासभर बाहेरच्या बाकावर बसणे, आणि गिरणी बंद पडली म्हणजे घरी बसणे. १८७७ साली जमशेटजी टाटांनी सुरू केलेली नागपूरची एम्प्रेस मिल २००२ साली कायमची बंद झाली, तेव्हा या शेवटच्या बसण्याचा अर्थ शहरातील अनेक घरांना पुरता कळला. आज मी ज्या बसण्याविषयी बोलणार आहे ते या चारही प्रकारांहून निराळे आहे. विहारात सतरंजीवर पंधरावीस माणसांनी एकत्र डोळे मिटून स्वस्थ बसावयाचे, आणि दर आठवड्यास त्याच वारी, त्याच वेळी पुन्हा येऊन बसावयाचे. एवढाच तो प्रकार. या एवढ्याशा दाराने माणूस एका संघात कसा शिरतो, तेथे त्याला काय मिळते आणि पदरचे काय द्यावे लागते, हे मला माझ्या परीने समजावून सांगावयाचे आहे. मी पंडित नव्हे. शाळा लवकर सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते वाचनालयात, गेट मीटिंगमध्ये आणि अशाच व्याख्यानमालांच्या मागच्या खुर्च्यांवर झाले.

आमच्या संघटनेला मराठीत कामगार संघ म्हणतात आणि बुद्धाच्या शिष्यसमुदायालाही संघच म्हणतात. हा नुसता शब्दाचा योगायोग आहे असे मला वाटत नाही. महापरिनिब्बान सुत्तात वज्जी लोकांची हकीकत आहे. मगधाचा राजा अजातशत्रू त्यांच्यावर चालून जाण्याच्या बेतात होता व त्याने आपला मंत्री वस्सकार यास बुद्धाकडे पाठविले. बुद्धाने मंत्र्याला सरळ उत्तर न देता जवळच उभ्या असलेल्या आनंदाला विचारले की, वज्जी लोक वारंवार एकत्र जमतात ना? एकदिलाने जमतात आणि एकदिलाने उठतात ना? जोवर हे चालू आहे तोवर त्यांची वाढच होईल, ऱ्हास होणार नाही, असा त्याचा निर्वाळा होता. मंत्री गेल्यावर तोच नियम बुद्धाने भिक्षुसंघालाही घालून दिला. प्रत्येक युनियनच्या सेक्रेटरीने हे सुत्त एकदा वाचावे. पावतीपुस्तकात सभासद किती आहेत यावरून संघटनेचे बळ कळत नाही. सभेला किती येतात आणि सभा संपल्यावर एकमेकांशी बोलत घरी जातात की नाही, यावरून कळते. संविधान सभेत २५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी याच भिक्षुसंघाकडे बोट दाखविले होते. ठराव, गणसंख्या, मतदान या गोष्टी त्या संघाला ठाऊक होत्या हे त्यांनी तेथे आवर्जून सांगितले.

एकत्र बसण्याची चाल कशी पडली याचीही एक मौजेची गोष्ट विनयपिटकाच्या महावग्गात आहे. त्या काळी इतर पंथांचे परिव्राजक अष्टमी, चतुर्दशी व पौर्णिमा-अमावास्येस जमून लोकांना धर्म सांगत, आणि लोकांचा ओढा तिकडे वाढे. बिंबिसार राजाने सुचविले की आपल्या भिक्षूंनीही त्या दिवशी जमावे. बुद्धाने ते मान्य केले. भिक्षू जमू लागले, पण जमून नुसते गप्प बसत. धर्म ऐकावयास आलेले लोक चिडले व म्हणाले, हे काय मुक्या डुकरांसारखे बसून राहतात! तेव्हा बुद्धाने जमल्यावर धम्म सांगण्याचीही आज्ञा दिली. आज आपल्या विहारांत आधी बैठक आणि मग प्रवचन व चर्चा असा जो क्रम दिसतो, त्याची मुळे इतकी जुनी आहेत. लोकांनी तक्रार केली आणि संघाने नियम बदलला, हेही मला त्यात मोलाचे वाटते.

दुसरी गोष्ट सामञ्ञफल सुत्तातील. तोच अजातशत्रू पौर्णिमेच्या रात्री जीवकाच्या आंबराईत बुद्धाच्या भेटीस निघाला. आंबराई जवळ आली तरी चाहूल नाही, खोकला नाही. साडेबाराशे भिक्षू तेथे आहेत असे जीवकाने सांगितलेले, आणि आवाज मात्र कणाचाही नाही. राजाच्या अंगावर काटा आला. तू मला शत्रूच्या हाती तर देत नाहीस ना, असे त्याने जीवकाला विचारले. बापाचा जीव घेऊन गादीवर बसलेल्या माणसाला शांततेची भीती वाटावी, यात नवल नाही.

आता नागपूरकडे येऊ. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी येथे धम्मदीक्षा झाली. कुशीनाराहून आलेल्या भदन्त चंद्रमणी महास्थविरांकडून बाबासाहेबांनी त्रिशरण व पंचशील घेतले आणि नंतर आपल्या लाखो अनुयायांना ते स्वतः दिले. सोबत बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यानंतर अवघ्या त्रेपन्नाव्या दिवशी, ६ डिसेंबर रोजी, त्यांचे निधन झाले. म्हणजे धर्म हातात पडला आणि शिकविणारा गेला. वस्त्यावस्त्यांतून वंदना पाठ झाली, भिंतीवर तसबिरी लागल्या, गोधडीवजा झोपडीशेजारी पैपै जमवून विहार उभे राहिले. पण शील, समाधी आणि प्रज्ञा या तिहींपैकी मधली पायरी, म्हणजे समाधी, प्रत्यक्ष करावयाची कशी, हे दाखविणारी माणसे फार थोडी होती.

योगायोग असा की त्याच ६ डिसेंबरला एक तरुण इंग्रज भिक्षू नागपुरास येऊन पोचला होता. त्याचे नाव संघरक्षित. जन्म लंडनचा, १९२५ चा. दुसऱ्या महायुद्धात सैनिक म्हणून हिंदुस्थानात आलेला आणि पुढे कालिम्पोंगला राहिलेला. बाबासाहेबांशी त्याच्या पूर्वी भेटी झालेल्या होत्या. त्या संध्याकाळी कस्तुरचंद पार्कवर शोकसभेला लोटलेल्या प्रचंड जनसमुदायापुढे वक्ते बोलावयास उभे राहत आणि रडून खाली बसत. धड व्यासपीठही नव्हते. रिक्षाच्या आसनावर उभे राहून या भिक्षूने लोकांना सांगितले की बाबासाहेब गेले, पण त्यांनी दिलेले काम गेले नाही. पुढच्या चारपाच दिवसांत त्याने वस्त्यावस्त्यांतून तीसहून अधिक भाषणे केली. त्यानंतरही काही वर्षे तो थंडीच्या दिवसांत महाराष्ट्रात येत राहिला. मग तो विलायतेस परतला व १९६७ साली लंडनमध्ये त्याने एक नवा बौद्ध संघ सुरू केला. त्याचा इंग्रज शिष्य लोकमित्र १९७७ च्या ऑक्टोबरात, दीक्षेच्या एकविसाव्या वर्धापनदिनाच्या सुमारास, प्रवास करीत नागपुरास आला. येथला जनसागर पाहून त्याने पुढल्याच वर्षी पुण्यास मुक्काम हलविला. त्यातून १९७९ साली त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गण उभा राहिला. आज तो त्रिरत्न बौद्ध महासंघ या नावाने ओळखला जातो. कामठी मार्गावर भिलगाव येथे नागलोक हे त्याचे मोठे स्थान आहे. निरनिराळ्या प्रांतांतून आलेली मुले-मुली तेथे राहून धम्म शिकतात.

दुसरा प्रवाह ब्रह्मदेशातून आला, आणि त्याचा वृत्तांत आम्हा नोकरदार लोकांना विशेष जवळचा वाटावा असा आहे. लेडी सयाडो या विद्वान भिक्षूने विपश्यना गृहस्थांनाही शिकविली. त्यांचे शिष्य सया थेतजी हे शेतकरी होते. आणि थेतजींचे शिष्य ऊ बा खिन हे कारकून म्हणून नोकरीस लागून पुढे स्वतंत्र ब्रह्मदेशाचे महालेखापाल झालेले सरकारी नोकर होते. १९५० साली त्यांनी आपल्या कचेरीतच विपश्यना मंडळ स्थापिले. हिशेबाच्या वह्या, फायली, शिपाई, हेडक्लार्क, आणि त्याच इमारतीत ध्यानाची खोली! १९५२ साली रंगून येथे त्यांनी स्वतंत्र केंद्र काढले. त्यांचे शिष्य सत्यनारायण गोएंका, मंडाले येथे जन्मलेले मारवाडी व्यापारी, १९६९ साली भारतात आले आणि त्याच वर्षी जुलैत मुंबईच्या एका धर्मशाळेत त्यांनी मूठभर माणसांचे पहिले शिबिर घेतले. १९७६ पासून इगतपुरीचे धम्मगिरी केंद्र चालू आहे. आपल्याकडे कळमेश्वर रस्त्यावर माहुरझरीस धम्म नाग हे केंद्र आहे, आणि कामठीच्या ड्रॅगन पॅलेस परिसरातही २०१७ साली विपश्यना केंद्र सुरू झाले. शेतकरी, कारकून, व्यापारी अशी ही परंपरा आहे. यात एखादा गिरणीकामगार का नसावा, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

आता प्रत्यक्ष बैठकीत काय होते ते सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला सर्वांत अधिक कुतूहल आणि सर्वांत अधिक संकोच त्याचाच असतो. विहारात शिरताना चपला बाहेर काढावयाच्या, मूर्तीपुढे हवा तर नमस्कार करावयाचा, आणि रिकामी जागा पाहून बसावयाचे. मांडी घालून बसता येत नसेल तर खुर्ची मिळते. तीत कमीपणा नाही. साच्यावर किंवा लेथवर तीस वर्षे उभे राहिलेल्या माणसाचे गुडघे काय होतात ते मला ठाऊक आहे. पाठ ताठ हवी, पण लष्करी ताठ नव्हे. हात मांडीवर. डोळे मिटलेले. प्रथम त्रिशरण-पंचशील म्हणतात, मग शिकविणारा दोन शब्द सांगतो, घंटा होते आणि शांतता सुरू होते.

नवख्यास पहिल्यांदा आनापानसती देतात, म्हणजे श्वासावर लक्ष ठेवणे. त्रिरत्नच्या वर्गात याच्या चार पायऱ्या करतात. श्वास बाहेर गेल्यावर एक, पुन्हा गेल्यावर दोन, असे दहापर्यंत मोजून परत एकवर यावयाचे. मग श्वास आत येण्यापूर्वी मोजावयाचे. मग मोजणे सोडून नुसता श्वास जाणावयाचा. आणि अखेरीस नाकपुडीपाशी जेथे हवेचा स्पर्श होतो तेवढ्याच जागी लक्ष टेकवावयाचे. ऐकावयास हे फार सोपे आहे. आमच्यातला एक फिटर पहिल्या दिवशी चव्वेचाळीसपर्यंत मोजीत गेला आणि मग त्याच्या ध्यानात आले की दहावर परत फिरावयाचे होते. मधल्या काळात तो मुलीच्या लग्नाच्या मंडपात, सोसायटीच्या कर्जात आणि सुपरवायझरच्या टेबलापाशी जाऊन आला होता. तेथे कोणी त्याला रागावले नाही. मन गेले हे कळले म्हणजेच ते परत आले, पुन्हा एक. त्या तासात करावयाचे काम एवढेच असते.

बाहेर वरातीचा डीजे वाजत असतो, पंखा कुरकुरतो, एखाद्याच्या पायाला मुंग्या येतात. घरी एकटा बसलेला माणूस अशा वेळी पाच मिनिटांत उठतो व पाणी पिऊन येतो. येथे तो उठत नाही, कारण शेजारचा उठत नाही. आणि शेजारचाही त्याच कारणाने उठत नसतो. संपाच्या चौथ्या दिवशी कामगार गेटवर का टिकून राहतो ते ज्याने पाहिले आहे, त्याला सामुदायिक बैठकीचे मर्म निराळे सांगावयास नको. एकट्याचा निश्चय लवकर शिळा होतो. ठरलेला वार, ठरलेली जागा आणि आपली वाट पाहणारी चार माणसे यांनी तो ताजा राहतो.

दुसरे ध्यान मैत्रीभावनेचे. याच्या पाच पायऱ्या आहेत. पहिल्यांदा स्वतःचे भले चिंतावयाचे. दुसऱ्यांदा जिवलग मित्राचे. तिसऱ्यांदा ज्याच्याशी देणे ना घेणे अशा कोणाचे तरी, समजा नाक्यावरील पानठेलेवाल्याचे. चौथ्यांदा ज्याच्याशी वैर आहे त्याचे. आणि पाचव्यांदा या चौघांना मनात सारख्या अंतरावर उभे करून मग ती भावना वस्तीभर, शहरभर, सर्व प्राण्यांपर्यंत पसरवावयाची. पहिल्या पायरीवरच कित्येक बाया अडखळतात. जन्मभर दुसऱ्यांसाठी राबलेल्या बाईला ‘मी सुखी असो’ म्हणताना लाज वाटते. आणि चौथ्या पायरीवर आम्ही युनियनवाले अडखळतो. ठेकेदाराने तीन महिने भविष्यनिर्वाह निधीचे पैसे भरले नाहीत, आणि त्याचे भले चिंतावयाचे?

या प्रश्नावर आमच्या विहारात एकदा चर्चा चालली. एक वृद्ध बाई, आयुष्यभर विड्या वळलेल्या, म्हणाल्या, “त्याचं भलं म्हंजे काय बाप्पा? चोरी करनं सुटलं तं त्याचंच भलं झालं ना!” मला यापेक्षा चांगले भाष्य कोणत्याही ग्रंथात सापडलेले नाही. मैत्री म्हणजे मागणी सोडणे नव्हे. ठेकेदाराविरुद्ध तक्रार करावयाची, साक्षीपुरावा गोळा करावयाचा, तारखा धरावयाच्या. फक्त त्या माणसाला पायाखाली घालण्याची जी चव जिभेवर येते ती ओळखावयाची.

येथे मुख्य आक्षेपाला आलो. गेट मीटिंगनंतर एका पोराने मला सर्वांदेखत विचारले, “भाऊ, डोये मिटून बसल्यानं पगार वाढते काय?” वाढत नाही, हे मी त्याला सरळ सांगितले. पगार कराराने वाढतो आणि करार संघटनेने होतो. जो कोणी ध्यानाने पगार वाढेल, मूल होईल, खटला जिंकता येईल असे सांगेल तो बुवा समजावा. परंतु आक्षेपाची खोली यापेक्षा अधिक आहे. आंबेडकरी चळवळीतील अनेक प्रामाणिक कार्यकर्ते म्हणतात की बाबासाहेबांनी धम्म दिला तो समाज बदलण्यासाठी, आणि ही ध्यानमंडळे माणसाला आत वळवून बाहेरचा अन्याय विसरावयास लावतात. विपश्यनेच्या शिबिरात जातीचा शब्द निघत नाही, बावीस प्रतिज्ञा निघत नाहीत, असाही त्यांचा रोख असतो. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रास्ताविकात बाबासाहेबांनीच प्रश्न टाकला आहे की भिक्षू निर्माण करण्यात बुद्धाचा हेतू काय होता, स्वतःपुरता पूर्ण मनुष्य घडविण्याचा की समाजाचा सेवक घडविण्याचा? आणि २० नोव्हेंबर १९५६ रोजी काठमांडूस बुद्ध आणि कार्ल मार्क्स यांविषयी बोलताना त्यांनी दाखविले की शोषण संपविण्याचे ध्येय दोघांचेही आहे. बुद्धाचा मार्ग मात्र माणसाचे मन पालटण्याचा आहे. मन पालटावयाचे तर त्यासाठी काही काम, काही रियाज लागणार की नाही? नुसत्या व्याख्यानांनी मन पालटत असते तर आमच्या नागपूरइतके पालटलेले शहर पृथ्वीवर दुसरे नसते.

मी जे पाहिले ते सांगतो. कामगारांवरील कितीतरी चार्जशीटी तोंडून गेलेल्या एका शब्दापासून किंवा उगारलेल्या एका हातापासून सुरू होतात. मूळ तक्रार शंभर टक्के खरी असते, पण चौकशी होते ती शिवीची. काही व्यवस्थापक हे जाणून मुद्दाम डिवचतात. ऊ बा खिन यांच्या परंपरेत जी साधना शिकवितात तिचा गाभा असा की, मनात विकार जागा झाला की शरीरावर काही ना काही संवेदना होते. राग तोंडात येण्याआधी अंगात येतो. कानशिले तापतात, पोटात गोळा येतो, श्वास आखूड होतो. ती संवेदना कळली आणि तिला क्षणभर नुसते पाहता आले, तर पुढचा शब्द आपण निवडतो. वाटाघाटीच्या टेबलावर या एका क्षणाची किंमत काय असते ते मी तुम्हाला सांगू शकतो. समोरचा आरडाओरडा करीत आहे आणि आपला माणूस शांतपणे कागद पुढे सरकवीत आहे, हे दृश्य मालकास फारसे आवडत नाही.

याच्याच उलट बाजूकडेही डोळे उघडे हवेत. अलीकडे काही कारखान्यांत तणावमुक्तीच्या नावाने कँटीनमध्ये अर्धा तास डोळे मिटावयास लावतात, आणि त्याच महिन्यात दोन माणसांचे काम एकावर टाकतात. भार उतरविण्याऐवजी भार सोसावयास शिकविण्याचा हा उद्योग आहे. त्याला धम्म म्हणू नये. शील आधी आणि समाधी नंतर, हा क्रम बुद्धाने उगाच घातलेला नाही, आणि मालकाचे शीलही त्यात धरले पाहिजे.

आता संघात शिरावयाच्या वाटा. दोन्ही प्रवाहांत फाटक निराळ्या ठिकाणी आहे, आणि ते न कळल्यामुळे पुष्कळ लोक दारावरून परत जातात. विपश्यनेच्या परंपरेत आधी दहा दिवसांचे निवासी शिबिर करावे लागते. जुने साधक झाल्यावरच आठवड्याच्या सामूहिक साधनेत बसता येते. शिबिरात पहाटे चारला उठणे, साडेचारला ध्यान, नऊ दिवस आर्य मौन, आणि दिवसातून तीन वेळा सर्वांनी मिळून एकेक तासाची बैठक. पहिले तीन दिवस श्वास, चौथ्या दिवशी विपश्यना. त्यापुढे या तीन तासांत हातपाय न हलविण्याचे अधिष्ठान. दहाव्या दिवशी मंगल मैत्री होऊन मौन सुटते. निवास व भोजन यांचे शुल्क नाही. दान घेतात तेही शिबिर पुरे केलेल्या माणसाकडूनच. आधीच्या साधकांनी दिलेल्या पैशावर तुम्ही जेवता, आणि तुमच्या पैशावर पुढचा जेवेल. वर्गणीची यापेक्षा स्वच्छ पद्धत मला आमच्या चळवळीतही दिसलेली नाही.

परंतु दहा दिवस आणावयाचे कोठून? राज्य शासनाच्या नोकरांना या शिबिरासाठी रजेची सोय आहे. ठेक्यावरच्या कामगाराला दहा दिवस म्हणजे दहा दिवसांची मजुरी गेली, आणि परत आल्यावर त्याच्या जागी दुसरा उभा असला तरी दाद नाही. घरकाम करणाऱ्या बाईची गोष्ट तर याहून कठीण. म्हणून कष्टकरी वस्तीच्या दृष्टीने साप्ताहिक वर्गाचे फाटक मला अधिक मोलाचे वाटते. त्रिरत्नच्या वर्गात कोणीही, पूर्वी काही न करता, जातीधर्माची चौकशी न होता, येऊन बसू शकतो. काही महिने येत राहिला की तो सहायक. मग त्याला वाटले आणि इतरांनाही तो टिकेल असे वाटले, तर तो धम्ममित्र होतो. त्या वेळी मूर्तीपुढे फूल, दीप व धूप वाहण्याचा साधा विधी असतो. त्यापुढे ज्याला जीवच यात घालावयाचा आहे तो कित्येक वर्षांच्या तयारीनंतर धम्मचारी किंवा धम्मचारिणी होतो. त्याला नवे नाव मिळते आणि काया, वाचा व मन यांची दहा शीले तो घेतो. तो भिक्षू नसतो. संसार आणि नोकरी करू शकतो. शिबिरे येथेही असतात, वर्धा जिल्ह्यात बोरधरणास आणि मावळात भाजे येथे, आणि त्यांत दोनतीन दिवसांचीही असतात.

दोहोंत आणखी एक फरक मला जाणवला. दहा दिवसांच्या शिबिरात मारवाडी, गुजराती, ब्राह्मण, बौद्ध, डॉक्टर, हवालदार सगळे एका रांगेत जेवतात. ही लहान गोष्ट नव्हे. पण मौनामुळे शेजारचा कोण हे दहाव्या दिवशी कळते, आणि अकराव्या दिवशी जो तो आपल्या गाडीने जातो. वस्तीतल्या वर्गात माणसे बहुधा एकाच समाजाची असतात, ही त्याची उणीव. पण तेथे कोणाचे पोर दवाखान्यात आहे, कोणाचे काम सुटले, दोन आठवडे कोण आले नाही हे सर्वांना ठाऊक असते. बैठक संपल्यावर चहाबरोबर जे बोलणे होते त्यातच संघ तयार होतो, अशी माझी समजूत आहे. आणि हे सर्व सांभाळून धरण्याचे श्रेय पांढरी लुगडी नेसून वेळेआधी येऊन सतरंज्या घालणाऱ्या बायांना आहे. पुरुष मंडळी पौर्णिमेला भाषण करावयास येतात.

दोन इशारे दिल्याशिवाय मात्र मी कोणास आत पाठविणार नाही. ज्याला मनाचा आजार आहे, ज्याचे औषध चालू आहे, त्याने ते शिकविणाऱ्यास आधी सांगावे व औषध आपल्या मनाने बंद करू नये. दीर्घ मौन प्रत्येकास मानवतेच असे नाही. दुसरा इशारा गुरूविषयी. संघरक्षितांनी नागपूरवर केलेले उपकार मी वर सांगितले. परंतु त्यांच्या विलायतेतील काही शिष्यांनी त्यांच्या लैंगिक वर्तनाबद्दल गंभीर तक्रारी केल्या. १९९७ साली त्या ‘गार्डियन’ पत्रात प्रसिद्ध झाल्या, आणि २०१६ च्या अखेरीस वृद्ध संघरक्षितांनी जाहीर निवेदन करून क्षमा मागितली. २०१८ साली ते वारले. हे येथे झाकून ठेवण्यात कोणाचेच हित नाही. ज्या संघात प्रश्न विचारता येतो, हिशेब पाहता येतो आणि रुसवा न धरता सोडून जाता येते, त्यात बसावे. युनियनलाही आम्ही हीच कसोटी लावतो, किंवा लावावयास पाहिजे.

ज्यांना जाऊन पाहावयाचे असेल त्यांनी आपल्या वस्तीतील विहारात कोणत्या वारी वर्ग भरतो याची चौकशी करावी; काही ठिकाणी रविवारी सकाळी, काही ठिकाणी आठवड्यात संध्याकाळी असतो. पाळीचे काम असणाऱ्याने वर्ग घेणाऱ्यास तसे सांगून ठेवावे, म्हणजे तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात न आल्याबद्दल कोणी घरी विचारावयास येणार नाही. की यावे, असेच तुम्हाला वाटत असेल तर सांगू नये. पोट भरून जेवून येऊ नये, झोप लागते. मोबाईल बंद करून चपलेपाशी नव्हे, खिशात ठेवावा. आणि दहा मिनिटे आधी पोचावे, कारण घंटा झाली की दार लोटतात, आणि आमच्या विहाराचे दार फार करकरते.